टॉलपडलच्या शेतमजुरांची घरे नकाशावर कशी शोधावीत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. 1834 साली इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातल्या टॉलपडल गावच्या 6 शेतमजुरांना मजूर संघटनेची गुप्त शपथ दिल्या-घेतल्याबद्दल सात वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. त्या परिसरातले मजूर नेमके कुठे राहत, हे 1836 च्या कायद्यानंतर बनलेले टाइथ (म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा) नकाशे आणि जनगणना जुळवून काढायचे आहे.

नकाशासोबतच्या टाइथच्या तक्त्यात प्लॉट क्रमांक, मालक, कसणारा, पीक आणि क्षेत्र मिळते (40 पर्च म्हणजे 1 रूड, 4 रूड म्हणजे 1 एकर). घोडे अडते ते कसणाऱ्याच्या रकान्यात: मजुरांच्या झोपड्या बऱ्याचदा एकाच नावापुढे ‘आणि इतर’ म्हणून गुंडाळलेल्या असतात. 1841 च्या जनगणनेत नातेही नाही, जन्माचा पॅरिशही (चर्चच्या हद्दीचा गाव-विभाग) नाही, आणि 15 वर्षांवरच्यांचे वय सहसा पाचाच्या पटीत खाली आणलेले. म्हणजे 34 चा माणूस 30 चा दिसतो. 1851 ला नाते आणि जन्मगाव मिळते, पण तोवर भाडेकरू बदललेले असतात.

गणनेच्या पानावरचा घरांचा क्रम नकाशावर बसवताना सुरुवात कुठून करावी? चर्च, दारूचा गुत्ता, मोठी शेतघरे अशा पक्क्या खुणांपासून? गरीब-कराच्या (गरिबांच्या मदतीसाठी पॅरिशने गोळा केलेल्या कराच्या) वह्यांतून ‘इतर’ची नावे सुटतात का? कुणी हे काम केले असेल तर पद्धत कृपया सविस्तर सांगा.