मदत हवी आहे : टॉम्पियनच्या हाताखालची मुलं

नमस्कार मंडळी. थॉमस टॉम्पियन आणि जॉर्ज ग्रॅहम या लंडनच्या घड्याळजींवर मराठीत लेख लिहितेय आणि एका जागी अडलेय.

लंडनच्या घड्याळजींच्या संघाला १६३१ साली राजाची सनद मिळाली. काम शिकायला आलेला मुलगा साधारण सात वर्षं उस्तादाकडे काढायचा. ग्रॅहम १६८८ मध्ये हेन्री आस्ककडे असाच शिकायला लागला. नंतर तो टॉम्पियनकडे आला, त्याच्या पुतणीशी लग्न केलं आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत दोघांना एकाच थडग्यात पुरलंय. मला हे नातं फार हलवून जातं.

ग्रॅहमच्या घड्याळाचा सेकंदकाटा नीट बघा. आधीच्या बहुतेक लंबकाच्या घड्याळांत तो प्रत्येक ठोक्याला किंचित मागे सरकायचा. ग्रॅहमच्या घड्याळात ते मागे सरकणं नाही, काटा जागच्या जागी ठाम उभा राहतो.

पण तबकडीवर नाव असतं ते फक्त उस्तादाचं. चाकांचे दाते कोणी कापले, पितळ कोणी घासलं, हे कसं शोधायचं? आतल्या पत्र्यांवर कारागिरांच्या खुणा असतात का? लंडनच्या सायन्स म्युझियममधला या संघाचा संग्रह, किंवा ब्रिटिश म्युझियममधलं टॉम्पियनचं वर्षभर चालणारं ‘मोस्टिन टॉम्पियन’ हे घड्याळ कोणी जवळून पाहिलंय का?

आणि ‘एस्केपमेंट’ला, म्हणजे लंबकाच्या प्रत्येक झोक्याला चाक एकेक दाता पुढे सोडणाऱ्या भागाला, आपले जुने घड्याळजी काय म्हणतात? घरात कोणी हे काम करत असेल तर त्यांना विचारून जरूर कळवा.