सात दिवसांची जोडीची एमटीबी (माउंटन बाइक) स्टेज रेस, हातात सोळा आठवडे – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघांनी मिळून सात दिवसांच्या स्टेज रेसला, म्हणजे रोज एक टप्पा असलेल्या रेसला, नाव दिलंय. रोज ७० ते ९० किलोमीटर, रोजचा चढ दोन हजार मीटरच्या आसपास, मुक्काम तंबूत. मी ४३ वर्षांची, तो ३६चा. दोघांच्याही नोकऱ्या आहेत, त्यामुळे आठवड्याला आठ-नऊ तास, फार ओढाताण केली तर दहा. त्यापलीकडे सायकलला वेळ निघत नाही.

एका दिवसाच्या रेसचं मला कळतं, पाच-सहा तासांच्या चार पूर्ण केल्यात. माझा प्रश्न चौथ्या दिवसाच्या सकाळचा आहे. तीन दिवसांचा शीण अंगात मुरलेला असताना पुन्हा सॅडलवर बसून पाच तास काढता यावेत, यासाठी आठवड्याच्या आठ-नऊ तासांत नेमकं काय करायचं?

आधी काय झालं तेही सांगते. गेल्या वर्षी तीन दिवसांची रेस दुसऱ्याच दिवशी सोडावी लागली. रात्रभर पाऊस होता. माझे ब्रेक पॅड रेझिनचे, म्हणजे मऊ प्रकारचे होते, निम्मे शिल्लक दिसत होते म्हणून बदलले नव्हते. चिखलातली वाळू पॅडवर कानशीसारखी चालते हे ऐकून होते, पण एका दिवसात पॅड संपतील असं वाटलं नव्हतं. शेवटच्या लांब उतारावर मागच्या ब्रेकची लेव्हर रोजच्यापेक्षा खूप आत जायला लागली. आधी खरखर आली आणि मग लोखंडावर लोखंड घासल्याचा करकर आवाज. पॅडची पत्र्याची पट्टीच डिस्कवर घासत होती. एकट्या पुढच्या ब्रेकवर त्या निसरड्या दगडांतून उतरायची माझी हिंमत झाली नाही. भाऊ माझ्याबरोबर चालत उतरला. कट-ऑफला, म्हणजे टप्पा संपवायच्या शेवटच्या वेळेला, अकरा मिनिटं उशीर झाला. तो काहीच बोलला नाही, माझ्या हातातून सायकल घेतली आणि पुसायला बसला.

पण खरं सांगायचं तर दोष फक्त पॅडचा नव्हता. पहिल्या दिवशी पहिला तासभर मी भावाचं चाक सोडायचं नाही म्हणून जीव तोडून चढले. दुसऱ्या दिवशी पोटात अन्न जाईना, पाच तासांत तीन एनर्जी जेल कसेबसे घेतले. मी आधीच रिकामी झाले होते, म्हणून उतारावर उशीर भरून काढायला काही उरलंच नव्हतं.

आमची मुख्य अडचण हीच आहे. चढावर तो माझ्यापेक्षा बराच वेगवान, तांत्रिक उतारावर मी. तो वर जाऊन थांबतो, गार पडतो. मी पोचले की लगेच निघतो, म्हणजे विश्रांती त्याला मिळते आणि मला नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या केप एपिकमध्ये जोडीदारांना एकमेकांपासून दोन मिनिटांच्या आत राहावं लागतं. आमच्या रेसलाही तोच नियम आहे. तेव्हा हे असं चालणारच नाही. ज्यांनी जोडीने रेस केलीय त्यांनी वेग कसा जुळवला ते कृपया सविस्तर सांगा.

शिवाय सात दिवस सॅडलवर बसून कातडी कशी सांभाळायची आणि सुटे भाग कोणते न्यायचे, हेही सांगा.

प्रतिसाद १

ताई, वेगाचं आधी बोलू, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

चढावर तुम्ही पुढे आणि भाऊ मागे. पहिल्या दिवसापासून, अपवाद न करता. मागच्याने पुढच्याचं चाक धरायचं असेल तर पुढे हळू चालणाराच हवा. दोघांचे सुटे भाग, पंप, जास्तीचं पाणी भावाकडे द्या, वजनामुळे फरक थोडा आपोआप कमी होतो. सपाटीवर आणि वाऱ्यात मात्र तो पुढे, तुम्ही त्याच्या आडोशाला. उतारावर तुम्ही पुढे राहा, पण त्याला दिसेल एवढ्याच अंतरावर, म्हणजे तो तुमची लाइन, म्हणजे तुम्ही निवडलेली वाट, बघून उतरेल. काही रेसमध्ये जोडीदाराला पाठीवर हात लावून ढकलायला परवानगी असते, नियमावली बघून घ्या. आम्हाला त्याचा फार उपयोग झाला, पण त्याचाही सराव लागतो, नाहीतर दोघंही पडता.

पहिल्या दिवशी पहिल्या तासात पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोघं जातील, चाळीस जण जातील, जाऊ द्या. त्यातले बरेच तिसऱ्या दिवशी भेटतात.

सरावात लागोपाठचे दिवस महत्त्वाचे. दर तिसऱ्या आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळी दीड तास, शनिवारी चार, रविवारी साडेतीन. खरा सराव रविवारचा. त्या दिवशी वेग बघू नका, थकलेल्या पायांनी नीट खाता येतंय का आणि उतारावर डोकं शाबूत राहतंय का ते बघा. एरवीच्या आठवड्यात एक दिवस दहा-दहा मिनिटांचे तीन जोरकस चढ, बाकी सगळं सावकाश. रेसच्या पाच-सहा आठवडे आधी रजा टाकून सलग चार दिवस चालवा, त्यानंतरचा आठवडा हलका. शेवटचे दहा-बारा दिवस तास निम्मे करा, पण छोटे जोरकस चढ सोडू नका, नाहीतर पाय जड होतात.

खाणं पहिल्या अर्ध्या तासापासून. ताशी ६० ग्रॅम कर्बोदकं धरून चाला. ग्लुकोज-फ्रुक्टोजच्या मिश्रणाने ९० पर्यंत जाता येतं, पण त्यासाठी पोटालाही काही आठवडे सवय लावावी लागते. रोजचा टप्पा संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅम कर्बोदकं आणि २०-२५ ग्रॅम प्रथिनं. भूक असो वा नसो. दुसऱ्या दिवशी तुमचं पोट बंद पडलं ते बहुधा पहिल्या दिवशीच्या वेगानेच. आणि एक विनंती, अंग दुखतं म्हणून आयबुप्रोफेन घेऊन चालवू नका. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ते मूत्रपिंडाला महागात पडू शकतं.

प्रतिसाद २

मी सायकली दुरुस्त करतो, तेवढंच लिहितो.

पावसाची शक्यता असेल तर मेटलचे, म्हणजे सिंटर्ड पॅड लावा. चिखलात ते रेझिनपेक्षा खूप जास्त टिकतात. पण आधी डिस्क बघा, तिच्यावर ‘रेझिन ओन्ली’ लिहिलं असेल तर मेटलचे पॅड तिला चालत नाहीत, डिस्कच बदलावी लागेल. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, तीही मोजून घ्या. नवे पॅड रेसआधी एखाद्या उतारावर वीसेक वेळा वेग कमी करत बसवून घ्या. जास्तीचे पॅड प्रत्येकी दोन जोड, आणि त्यातला एक जोड खिशात. तंबूत ठेवलेला पॅड उतारावर कामाला येत नाही.

डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा, ज्याच्या त्याच्या फ्रेमचा. भावाचा तुम्हाला लागणार नाही. चेन ०.५ टक्के ताणली असेल तर रेसच्या तीन आठवडे आधी बदला, अगदी आदल्या दिवशी नको. क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), टायर प्लग (भोक बुजवायला), एक ट्यूब आणि टायर फाटला तर आतून लावायला जाड तुकडा. टायरमधलं सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा द्रव, आठवडाभर आधी ताजं भरा. संध्याकाळी सायकल धुताना पाण्याचा जोरदार झोत हब (चाकाचा मधला भाग) आणि बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या आसाच्या) बेअरिंगवर मारू नका.

प्रतिसाद ३

ताई, सॅडलबद्दल माझ्या अनुभवावरून सांगते. किमान चार बिब शॉर्ट्स (खांद्यावर पट्टे असलेल्या, आतून गादीच्या सायकल शॉर्ट्स) न्या. टप्पा संपला की गप्पा नंतर, आधी ओले कपडे काढा, अंग धुवा आणि पूर्ण कोरडं करा. शॅमॉय क्रीम (कातडी घासू नये म्हणून लावायचं) पहिल्या दिवसापासून लावा, दुखायला लागल्यावर नव्हे. रेसच्या आधी तिथले केस काढू नका, पुळ्या येतात. आणि सॅडल आवडत नसेल तर आत्ताच बदला, शेवटच्या सहा आठवड्यांत हात लावू नका.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार लागोपाठ चालवून आलो. रविवारी पहिल्याच चढावर भावाला मागे ठेवलं. अर्ध्या तासाने तो म्हणाला, “ताई, तुझ्या मागून चढताना मला पहिल्यांदाच आजूबाजूचं दिसतंय.” वर आम्ही एकत्र पोचलो आणि दोघांनीही थांबून खाल्लं. असं आमचं याआधी कधीच झालं नव्हतं.

एक नवीन अडचण मात्र आली. रविवारी तिसऱ्या तासानंतर माझी उजवी करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं, ते रात्रीपर्यंत तसंच होतं. ग्लव्ह्ज जाड घेऊ का?

प्रतिसाद २

जाड नको, त्याने मूठ आणखी घट्ट आवळली जाते. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने जाणारी अल्नर नस दाबली जातेय. ब्रेकच्या लेव्हर फार खाली झुकलेल्या नाहीत ना ते बघा, त्या थोड्या वर फिरवा म्हणजे मनगट सरळ राहील. तळव्याला रुंद आधार देणाऱ्या ग्रिप मिळतात, त्या लावून बघा. सॅडलचं नाक खाली झुकलेलं असेल तर सगळं वजन हातावर येतं, तेही तपासा. एका वेळी एकच बदल करा. आणि बधिरपणा दुसऱ्या दिवशीही टिकला किंवा बोटांतली ताकद कमी वाटली तर पुढच्या राइडआधी डॉक्टरांना दाखवा.