आईच्या कॅसेटमधली गाणी कुठल्याच ॲपवर का नाहीत?

रानजाई:
आईकडे वारीत घेतलेली जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट आहे. ८७ सालची. पंढरपुरात देवळाजवळच्या टपरीवरून घेतलेली. तिला बी साइडचं तिसरं गाणं मोबाइलवर हवंय. स्पॉटिफाय, गाना, यूट्यूब म्युझिक, सगळं पालथं घातलं. एका ठिकाणी शब्द तेच सापडले, पण बाई दुसरीच आणि मागे कीबोर्ड. आईने दोन ओळी ऐकल्या आणि "ही ती नव्हे" म्हणून फोन परत दिला. गाणी मुद्दाम टाकत नाहीत की काय?

शिळोप्या:
खप नसेल म्हणून टाकत नसतील. बीटल्ससुद्धा २०१० पर्यंत आयट्यून्सवर नव्हते.

स्पूलवाला:
बीटल्सचं दुखणं वेगळं. तिथे मालक कोण ते ठाऊक होतं, घोडं व्यवहारावर अडलं होतं. इथे मालकच सापडत नाही.

८४ ते ९३ मी ठाण्यात कॅसेटी भरायचं काम केलं. कंपनी म्हणजे एक गाळा, एक बिलबुक आणि शेठ. गायिकेला दोन दिवस स्टुडिओत बोलवायचं, पाकिटात उक्ते पैसे घालायचे, कागदावर सही घ्यायची. कागद असला तर. त्यातही लिहिलेलं असायचं 'रेकॉर्ड व कॅसेट'. पुढे फोनवर गाणी विकतील हे कुणाच्या स्वप्नात होतं? शेठ वारले, गाळा विकला गेला, पोरं दुसऱ्या धंद्यात. आज गाणं चढवायचं तर हक्क आमचे असं लिहून द्यावं लागतं. ते देणार कोण?

शिवाय स्पूल, म्हणजे मूळ गाणं भरलेल्या टेपची मोठी गुंडाळी. टेप महाग, म्हणून एखाद्या कॅसेटची मागणी थांबली की त्याच स्पूलवर पुढच्या गणपतीची गाणी. मी स्वतः पुसलीत. तेव्हा काही वाटलं नाही, आता वाटतं. उरलेली स्पुलं पोटमाळ्यावर, दोन पावसाळ्यांत बुरशी.

आणि ती दुसरी बाई का सापडली? पारंपरिक ओव्यांवर कुणाचा हक्क नाही. नव्याने गाऊन घेणं सगळ्यात स्वस्त.

शिळोप्या:
पण साठ वर्षांनी हक्क संपतो ना?

स्पूलवाला:
ध्वनिमुद्रणावरचा संपतो, प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ मोजायची. म्हणजे ही कॅसेट २०४७ अखेरपर्यंत अडकली. भावगीतांचं त्याहून अवघड, तिथे कवी गेल्यावर साठ वर्षं. गदिमा १९७७ ला गेले, तेव्हा रेकॉर्ड कितीही जुनी असली तरी त्यांचे शब्द २०३७ संपेपर्यंत मोकळे नाहीत. मालक सापडत नसेल तर परवाना मागायची सोय कायद्यात आहे, कलम ३१अ. पण एका ओवीसाठी ती पायपीट कोण करतो!

रानजाई, कॅसेट वाजते का?

रानजाई:
वाजते काका, पण आवाज दबलेला, उशीखालून आल्यासारखा. मध्येच जातो.

स्पूलवाला:
मग टेप चांगली असेल, गादी गेली असेल. कॅसेटच्या तोंडाशी मधोमध तांब्याच्या पट्टीवर नखाएवढा नमद्याचा तुकडा असतो, तो टेपला हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. गोंद सुकला की गळतो. स्क्रूवाली जुनी कॅसेट घे (चिकटवलेल्या कवचाची नको), उघड, आतली टेप चाकांसकट काढून तुझी त्यात बसव. टेपला घामट बोट लावू नकोस. मग डेकच्या (कॅसेट वाजवायच्या यंत्राच्या) लाइन आउटमधून लॅपटॉपच्या लाइन इनला वायर, ऑडॅसिटी नावाच्या आवाज भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये भरून घे. पूर्ण बाजू एकदम भर, गाणं नंतर काप. सारखं मागे-पुढे केलंस तर तुटेल.

रानजाई:
गादी खोक्यातच पडलेली मिळाली! शेजारच्या आजोबांचा डेक आणलाय. दुसऱ्या कॅसेटचे चार स्क्रू निघाले, पाचवा नुसताच फिरतोय.

स्पूलवाला:
जोर लावू नकोस. घड्याळवाल्याचा बारीक स्क्रूड्रायव्हर आण.