चित्रातले पात्र खऱ्या अंगणात उभे आहे असे कसे वाटावे?

महालचा_वाडा यांचा प्रश्न

नमस्कार. नागपुरातील महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात आम्ही काही मित्र लघुपट करत आहोत. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या दिवशी एका मुलीचा लाकडी बैल जिवंत होतो आणि तिच्यासोबत घरोघरी बोजारा (पोळ्याची बक्षिसी) मागत फिरतो, अशी गोष्ट आहे. मुलगी आणि वाडा खरे आहेत, बैल मात्र हाताने रेखाटलेला आहे. चाचणीच्या चित्रीकरणात रेखाटन सुबक उतरले, तरीही बैल अंगणात उभा न वाटता दृश्यावर चिकटवल्यासारखा दिसतो. १९८८ सालच्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ या चित्रपटात रेखाटलेला ससा खऱ्या माणसांत वावरतो; तिथे संगणकीय ॲनिमेशन नसताना हे कसे साधले, ते जाणकारांनी कृपया सांगावे.

रेषा_आणि_सावली यांचे उत्तर

आपल्या बैलाला बहुधा सावली कमी पडते आहे. त्या चित्रपटात ॲनिमेशन दिग्दर्शक रिचर्ड विल्यम्स यांच्या चमूने पात्राच्या मूळ रेखाटनाखेरीज त्याच्या अंगावरची छाया, उजळ कडा आणि जमिनीवर पडणारी सावली यांचे वेगळे थर काढले, आणि ते सगळे इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या स्पेशल इफेक्ट्स कंपनीत ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे फिल्मचे थर एकत्र छापणाऱ्या यंत्रावर, एकमेकांवर बसवले गेले. एका प्रसंगात छताला टांगलेल्या दिव्याला नायकाच्या डोक्याचा धक्का लागतो आणि तो झुलत राहतो, त्यामुळे सशावरची छाया प्रत्येक फ्रेममध्ये नव्याने काढावी लागली. दिवा स्थिर ठेवला असता तर प्रेक्षकाने तक्रार केली नसती, पण खोलीतला प्रकाश सशाच्या अंगावरून फिरतो म्हणूनच तो त्या खोलीतला वाटतो, आणि माझ्या मते त्या चित्रपटातले सर्वांत मोलाचे काम हेच आहे.

कॅमेऱ्याच्या हालचालीचाही विचार करा. एरवी एक चित्र दोन फ्रेम धरून सेकंदाला बारा चित्रांवर काम भागते. परंतु कॅमेरा फिरत असताना चित्र दोन फ्रेम तेच राहिले, तर मागची जमीन सरकते आणि पाय घसरल्यासारखे दिसतात. म्हणून तिथे चित्रीकरणाच्या प्रत्येक फ्रेमची मोठी छायाप्रत काढून, तिच्यावर कागद ठेवून, सेकंदाला चोवीस चित्रे रेखाटली गेली. एवढे मनुष्यबळ नसेल तर कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवणेच श्रेयस्कर.

धरमपेठ_संकलन यांचे उत्तर

वरील उत्तराशी सहमत आहे; नजरेचा मुद्दा मात्र राहिला. सशाच्या मापाचे रबरी पुतळे सेटवर ठेवून आधी तालीम होत असे, मग पुतळा काढून प्रत्यक्ष चित्रीकरण. सशाला आवाज देणारे चार्ल्स फ्लायशर सशाचा पोशाख घालून कॅमेऱ्याबाहेरून संवाद म्हणत, त्यामुळे नायकाची भूमिका करणारे बॉब हॉस्किन्स यांना खरा प्रतिसाद मिळे. आपल्याकडे तर लाकडी बैल आहेच! प्रत्येक दृश्यात तो ठरलेल्या जागी ठेवून थोडे चित्रीकरण करून घ्या: मुलीची नजर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसेल आणि सावलीची दिशा व गडदपणाही आयता मिळेल. पोळ्याच्या दिवसांत ढगांमुळे ऊन सारखे बदलते, तेव्हा हे दर दृश्याला पुन्हा करावे लागेल.

महालचा_वाडा

दोघांचे मनापासून आभार. एक शंका आहे. मुलीच्या हातात बैलाचा कासरा आहे. तो खरा ठेवावा की रेखाटावा?

रेषा_आणि_सावली

खराच ठेवा. त्या चित्रपटातही चित्रातल्या पात्रांच्या हातातल्या पुष्कळ वस्तू खऱ्या होत्या: पेंग्विन वेटरांची तबके खालून सळ्यांवर हलवली जात आणि वर पेंग्विन रेखाटले जात. आपण कासऱ्याचे दुसरे टोक एका बारीक काठीला बांधा आणि चौकटीबाहेरच्या माणसाला ती बैलाच्या नाकाच्या उंचीवर धरून चालायला सांगा. दोर ताणला गेला की मुलीचे मनगट खरोखर ओढले जाईल. काठी नंतर फ्रेममधून पुसता येते, पण मनगटाची ती ओढ मागाहून रेखाटता येत नाही. काठी शक्यतो सपाट भिंतीसमोरून न्या, कोरीव खांबांसमोर पुसण्याचे काम फार वाढते.