मदत हवी आहे: मांजरीची रक्षा मोगऱ्याच्या कुंडीत घालायची आहे

आमची चिंगी गेल्या महिन्यात गेली. 17 वर्षांची होती, किडनी थकली होती. दहन केलं, रक्षा डब्यात घरीच आहे, साधारण वाटीभर. आईला ती नदीत सोडायची नाही. मोगऱ्याच्या कुंडीतच घालायची म्हणते, कारण उन्हाळ्यात चिंगी त्याच कुंडीतल्या गार मातीवर मुटकुळं करून झोपायची. (निम्म्या फांद्या तिनेच मोडल्यात.)

अडचण अशी, की या राखेत क्षार भरपूर असतात आणि ती अल्कधर्मी असते. मोगऱ्याला मानवते किंचित आम्लधर्मी माती. नर्सरीवाले म्हणाले, "सगळी घाला हो, खतच आहे ते." मला पटलं नाही. म्हणून चमचाभर रक्षा शेणखतात मिसळून आधी झेंडूला घालून पाहिली. पानांच्या कडा करपल्या, पण ते उन्हानेही झालं असेल.

घर भाड्याचं, त्यामुळे जमिनीत लावायचा प्रश्नच नाही. कुंडी बारा इंची, ऊन फक्त सकाळचं. घरात अजून एक बोका आहे, हिरवं दिसलं की चावतो. तेव्हा कृपया लिली सुचवू नका, तिने मांजरांची किडनी निकामी होते. मोगरा चालतो, हे विचारून घेतलंय. लॉकेट, फोटोफ्रेम आईला नकोच.

कुणी असं केलंय का? एवढ्या कुंडीत एका वेळी किती रक्षा घालावी, कशात मिसळावी, आणि पुढची घालण्याआधी किती थांबावं?