शब्द हवाय: 'फ्री-टू-प्ले', 'लूट बॉक्स' वगैरे

भांडुपकर
नमस्कार मंडळी. लेकीच्या शाळेत पालकसभेसाठी एक पानी पत्रक करायचं माझ्या गळ्यात पडलंय. विषय: मोबाइलवरचे फुकट मिळणारे मल्टिप्लेअर गेम आणि त्यांत पैसे नेमके कुठे जातात. इंग्रजी मजकूर हाताशी आहे, पण शब्दाशब्दाला अडते आहे. 'फ्री-टू-प्ले'ला 'मोफत खेळ' लिहिलं, तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मोफत आहे तर सभा कशाला?" पुढची यादी अशी: लूट बॉक्स (पैसे देऊन उघडायची पेटी, आत काय निघेल ते आधी कळत नाही), बॅटल पास (पैसे भरून घ्यायचा ठरावीक मुदतीचा बक्षिसांचा पास), गेममधलं ते 'चलन', आणि व्हेल (गेममध्ये बेसुमार पैसे ओतणारा). पालकांत रिक्षा चालवणारे आहेत, बँकेत बसणारे आहेत. एका वाचनात सगळ्यांना कळेल असं हवं.

कोशवाचक
'मोफत' आपण फारसीतून घेतला आणि तो सरकारी झाला. मोफत धान्य, मोफत नेत्रतपासणी. देणाऱ्याच्या तोंडचा शब्द आहे. 'विनामूल्य' सभागृहाच्या पाटीवर शोभतो. 'चकटफू' घेणाऱ्याचा, आणि तोही डोळा मिचकावून. पत्रकात मी 'फुकट'च ठेवीन. 'फुकट मिळालं' असं आपण म्हणतो आणि 'पैसे फुकट गेले' असंही म्हणतो. 'पैसे मोफत गेले' कुणी म्हणणार नाही. तुमच्या विषयाला दोन्ही अर्थ लागतात.

खेळिया
अंधेरीत एका गेम कंपनीत नोकरी करतो, म्हणून आतली बाजू सांगतो. काका, 'फुकट' बरोबर, पण त्याच्या आधी 'प्रवेश' हवा. 'प्रवेश फुकट'. डाऊनलोड फुकट, पहिली मॅच फुकट, शंभरावी मॅचही फुकट. बहुतेक जण कधीच दमडी देत नाहीत, आणि कंपनीला ते चालतं. चालतं कसलं, हवंच असतं! बीजीएमआय या बंदुकांच्या लढाईच्या गेमच्या मोठ्या मॅचला शंभर जण लागतात. ते शंभर जण दिवसाच्या कुठल्याही वेळी मिनिटभरात जमले नाहीत, तर पैसे देणारा वैतागून निघून जाईल. शिवाय त्यानं बंदुकीला सोनेरी स्किन, म्हणजे वरचं सजवलेलं रूप, लावली, तर ती बघायला कोणीतरी नको का? एकट्यानं खेळायच्या गेममध्ये कपडे विकणं अवघड. मल्टिप्लेअरमध्ये तोच धंदा. त्यामुळे फुकट खेळणारा आमच्या लेखी फुकट्या नसतो. तो स्वतःच मालाचा भाग असतो.

आणि सगळ्यांचा गल्ला एकाच वाटेनं भरत नाही. नवी मुंबईत बनलेला लुडो किंग घ्या, तिथे जाहिरातींचा वाटा मोठा. 'जाहिरात बघ, नाणी घे' हा प्रकार पालकांना निरुपद्रवी वाटतो, पण तीही विक्रीच आहे. फक्त पैसे जाहिरातदार देतो.

भांडुपकर
'प्रवेश फुकट' घेतलं. आता लूट बॉक्स. लेक त्याला 'क्रेट' म्हणते. 'क्रेट उघडते', 'स्पिन मारते', 'डायमंड टाकते'. क्रियापदं मराठी, बाकी सगळं आयात. 'लुटीची पेटी' लिहून पाहिलं, पण ते दरोड्याच्या बातमीसारखं वाटतं.

आठ-चोवीसची लोकल
काल घाटकोपरला चार कॉलेजकुमार चढले. एकाच्या हातात फोन, तिघांची डोकी त्यावर. चाक फिरलं, हळू झालं, लाल रंगाच्या मोठ्या बक्षिसावर आलं, थांबल्यासारखं झालं आणि एक घर पुढे सरकलं. चौघं एकदम: "अर्रर्र, जस्ट गेला यार!" कुर्ला येईपर्यंत त्यानं अजून दोनदा मारलं. तिन्ही वेळा ते चाक 'जस्ट'च गेलं. त्या 'जस्ट गेला'ला शब्द असेल तर तो आधी शोधा.

खेळिया
दादा, त्याला शब्द आहे, 'थोडक्यात हुकलं'. पण खरं तर थोडक्यात काहीच हुकलेलं नसतं. बटण दाबलं त्या क्षणी निकाल सर्व्हरवर ठरून गेलेला असतो. चाक नंतर नुसतं दाखवायला फिरतं. कुठे रेंगाळायचं हे डिझायनर ठरवतो.

लालबागची लेक
अहो, एवढे शब्द कशाला पाडताय? सोरट! आमच्या शाळेबाहेरच्या दुकानात पुठ्ठा टांगलेला असायचा. खाली ओळीनं चिकटवलेल्या घडीच्या चिठ्ठ्या. वर रबरबँडनं अडकवलेल्या शिट्ट्या, कंगवे, फुगे, प्लास्टिकचे गॉगल आणि सगळ्यांत वर एक भलीमोठी बाहुली नाहीतर क्रिकेटचा चेंडू. पैसे द्यायचे, चिठ्ठी फाडायची, जो आकडा निघेल ती वस्तू. रिकाम्या हातानं कोणी जात नसे, निदान लिमलेटची गोळी मिळायचीच. बाहुली मात्र कोणाला लागलेली आठवत नाही. दुकानदारानं तो आकडा खिशात ठेवलाय, अशी आमची पक्की खात्री होती.

कोशवाचक
वा! 'सोडत' सुचवणार होतो, पण 'सोरट'च जास्त बसतं. म्हाडाच्या सोडतीत घर लागलं नाही, तर अनामत परत मिळते. सोरटात पैसे गेले ते गेले, बदल्यात काहीबाही हातात येतं. ते 'काहीबाही'च लूट बॉक्सचा प्राण दिसतो. पोर्तुगीजमध्ये 'सोर्त' म्हणजे नशीब. मुंबई-वसईच्या माणसाला इथे नातं जोडायचा मोह झाला तर मी अडवणार नाही.

योगायोग बघा, जपानीत या प्रकाराला 'गाचा' म्हणतात आणि तो शब्दही दुकानाबाहेरूनच आला. नाणं टाकून कळ फिरवली की खेळण्याची गोल डबी पडते, त्या यंत्राच्या आवाजावरून.

खेळिया
ताई, शब्द झकास आहे. पण पत्रकात एक ओळ जास्तीची टाका, नाहीतर पालकांचा गैरसमज होईल. पुठ्ठ्यावर शंभर चिठ्ठ्या आहेत, बाहुलीची एकच आणि दुकानदार प्रामाणिक आहे असं धरा. नव्व्याण्णव फाटल्या, की शंभरावीला बाहुली नक्की. दर चिठ्ठीमागे शक्यता वाढत जाते. म्हणून शहाणी पोरं पुठ्ठा अर्धा रिकामा व्हायची वाट बघायची.

फोनवरच्या सोरटात फाडलेली चिठ्ठी परत चिकटते. शक्यता एक टक्का असेल, तर प्रत्येक वेळी एकच टक्का. शंभर वेळा उघडूनही एकदाही न लागण्याची शक्यता जवळजवळ ३७ टक्के उरते. शंभर जणांनी शंभर-शंभर क्रेट उघडले, तर त्यांतले सदतीसएक जण बाहुलीविना घरी. पोरगं मात्र पुठ्ठ्याच्या हिशोबानं चालतं: "आता इतके टाकलेत, पुढच्याला लागणारच." काही गेम ठरावीक वेळांनंतर बक्षीस हमखास देतात, पण तो आकडा केवढा ठेवायचा हे कंपनीच्या हातात.

एक गोष्ट दुकानदारापेक्षा बरी म्हणायची. चीननं मे २०१७ पासून या शक्यता जाहीर करणं सक्तीचं केलं आणि त्याच वर्षाअखेरीस अॅपलनंही आपल्या स्टोअरला तोच नियम लावला. त्यामुळे टक्केवारी कुठेतरी लिहिलेली असते. चाकाच्या स्क्रीनवर कोपऱ्यात बारीक 'आय' किंवा प्रश्नचिन्ह असतं, ते दाबायचं. पालकांना हे बोट ठेवून दाखवा.

परळकर
सरळ 'जुगार' लिहा की! मटक्याच्या मुंबईत राहून लाजता कशाला?

कोशवाचक
परळकर, राग कळतो, पण शाळेच्या पत्रकात तो शब्द जपून वापरावा. 'जुगार' हा आपल्याकडे कायद्यातला शब्द आहे, मुंबईचा कायदा थेट १८८७ चा. बेल्जियमच्या नियामकानं २०१८ मध्ये काही गेममधले लूट बॉक्स जुगारच आहेत असं ठरवलं. जपाननं २०१२ मध्ये त्यातला एकच प्रकार बंद पाडला: सोरटातून निघालेल्या वस्तूंचा पूर्ण संच जमवला तरच मोठं बक्षीस, हा. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या कायद्यानं ऑनलाइन मनी गेमवर, म्हणजे पैसे जिंकायच्या आशेनं पैसे लावायच्या गेमवर, बंदी घातली. ई-स्पोर्ट्स आणि सोशल गेम हे त्यात वेगळे कप्पे आहेत. तेव्हा 'जुगारासारखं' म्हणा. त्या 'सारखं'नं पत्रक सुरक्षित राहील.

भांडुपकर
'सोरट' पक्कं. आता डायमंड आणि यूसी, म्हणजे खरे पैसे देऊन घ्यायचं गेममधलं ते 'चलन'. 'आभासी चलन' फार जड वाटतंय.

खेळिया
चलन म्हणूच नका. चलन उलटं बदलून मिळतं, हे मिळत नाही. रुपयाचे डायमंड होतात, डायमंडचा रुपया होत नाही. पोरांचाच शब्द ठेवा, फक्त पुढे लिहा: 'एकदा घेतले की परत पैसे होत नाहीत.' आणि चिल्लरचा डाव समजावा. फोर्टनाइटमध्ये बरीच वर्षं पास ९५० व्ही-बक्सचा (तिथले डायमंडच म्हणा) होता आणि छोटा गठ्ठा हजाराचा. पन्नास उरतात. त्यांत धड काही येत नाही, टाकवतही नाहीत.

त्याच गेमच्या कंपनीला, एपिकला, डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत ग्राहकांना परताव्यापोटी २४.५ कोटी डॉलर मोजायचं कबूल करावं लागलं. बटणं अशी मांडलेली, की चुकून दाबलं तरी खरेदी व्हायची.

आठ-चोवीसची लोकल
बॅटल पासला 'पास'च! मुंबईकराला तो शब्द कोणी शिकवायचा? 'पास काढला' म्हणायचं, 'खरेदी केला' नाही.

भांडुपकर
मी 'हंगामी पास' लिहिलं होतं.

कोशवाचक
'हंगामी' नको. हंगामी अध्यक्ष म्हणजे तात्पुरता अध्यक्ष. 'हंगामाचा पास' लिहा. आणि या पासात पैसे भरूनही वस्तू लगेच मिळत नाहीत. हंगाम संपायच्या आत रोज खेळून त्या सोडवून घ्याव्या लागतात. ही ओळ ठळक करा. पैशासोबत संध्याकाळीही जातात त्या इथेच.

परळकर
आणि व्हेलला 'बकरा'!

खेळिया
बकऱ्याला आपण कापले जातोय हे माहीत नसतं. व्हेलला बहुतेक वेळा सगळं माहीत असतं. शब्द कॅसिनोतून आलाय, बेसुमार पैसे लावणारं गिऱ्हाईक. आपल्याकडे त्याला 'शेठ' म्हणतात. पण पत्रकातून तो शब्द काढूनच टाका. वडिलांच्या फोनवरून यूपीआय मारणारं पोरगं शेठ नसतं.

भांडुपकर
काढला. पहिला परिच्छेद असा झालाय, बघा:

'या गेमना प्रवेश फुकट असतो. पैसे आत गेल्यावर लागतात: कपडे, बंदुकीचे रंग, हंगामाचा पास आणि सोरट. सोरटात काय निघेल हे पैसे देण्याआधी कळत नाही, आणि फाडलेली चिठ्ठी पुन्हा चिकटते, म्हणून "पुढच्या वेळी नक्की" असं काही नसतं. टक्केवारी कुठे लिहिली आहे ते मुलांकडूनच दाखवून घ्या.'

लालबागची लेक
छान झालंय. फक्त 'सोरटात' नको, 'सोरटीत' करा. ती सोरट.

परळकर
ते सोरट. आमच्या अख्ख्या चाळीत ते सोरट.

लालबागची लेक
मग तुमची अख्खी चाळ चुकीची!