बुटात काँक्रीट शिरलं तर
एकांनी लिहिलंय की स्लॅबच्या दिवशी माणसांना गमबूट दिले की काळजी मिटली. बूट हवेतच, पण माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या घराच्या स्लॅबला आरएमसी (कारखान्यातून गाडीने येणारं तयार काँक्रीट) मागवलं होतं. पंपाच्या पाइपाशी उभ्या असलेल्या एका पोराच्या बुटात वरून माल शिरला. गाडी थांबवायची नाही म्हणून तो तसाच दोन-अडीच तास काम करत राहिला. दुखत नव्हतं ना! संध्याकाळी बूट काढला तेव्हा मोज्याबरोबर घोट्याची कातडी सोलून आली, खालचं मांस लालभडक. पुढे कित्येक आठवडे ड्रेसिंग चाललं. मी तिथेच उभा होतो आणि मला काही कळलं नाही, हे अजून सलतं.

ओल्या काँक्रीटचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, साध्या पाण्याचा साधारण ७) १२ ते १३ असतो, म्हणजे ते कॉस्टिक सोड्यासारखंच कातडी जाळणारं तीव्र अल्कली. आम्लासारखं लगेच चरचरत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो आणि आत कातडी जळत जाते. बुटात माल गेला की तिथल्या तिथे बूट-मोजे काढून निदान २० मिनिटं वाहत्या पाण्याखाली पाय धरायचा, गाडी खोळंबली तरी चालेल. पँट बुटाच्या बाहेर ठेवायची, आत खोचायची नाही. आणि गुडघे टेकून रंधा मारणाऱ्या (ओलं काँक्रीट सपाट करणाऱ्या) गवंड्यांना जाड, पाणी न झिरपणारे नी-पॅड द्या. ओल्या पँटमधूनही तेच होतं.